परक्या गोटातला प्रेक्षक



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, शिवकाल, शेतीचे अर्थकारण असे विषय आपल्या डोळ्यांसमोर येतात. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना चेंडूला लाथ मारण्याच्या खेळावर तासभर ऐकविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगतो, की मी आज खेळणाऱ्याविषयी फारसे बोलणार नाही. मला बोलावयाचे आहे पाहणाऱ्याविषयी, आणि त्यातही एका विशिष्ट पाहणाऱ्याविषयी. सामना चालू आहे, भोवती हजारो माणसे एका पक्षाचा जयघोष करीत आहेत, आणि त्यांच्या मधोमध दुसऱ्या पक्षाचा एक माणूस बसलेला आहे. त्याचे काय होते, आणि त्याच्यामुळे भोवतालच्या माणसांचे काय होते, हा आजचा विषय.

आपल्या माणसांत बसून ओरडावयास काही लागत नाही. घसा असला म्हणजे पुरे. परक्या गोटात बसलेल्या माणसापुढे मात्र तीन वाटा असतात. पहिली गप्प बसण्याची: आपल्या बाजूचा गोल झाला तरी चेहरा कोरा ठेवावयाचा. दुसरी सोंगाची: इतर ओरडले की आपणही ओरडावयाचे, आणि मनातल्या मनात आपल्याच माणसांची क्षमा मागावयाची. तिसरी वाट म्हणजे आपल्या खेळाडूने पराक्रम केला की सर्वांच्या देखत टाळी वाजवावयाची. यांतली कोणती वाट तो घेईल, हा त्याच्या धैर्याचा प्रश्न आहे असे आपण सहज म्हणून जातो. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येईल, की हा प्रश्न मुख्यतः त्याच्याभोवती बसलेल्या हजार माणसांचा आहे. त्यांच्यात बसून परक्याला मोकळेपणाने टाळी वाजविता येते की नाही, यावर त्या गावाची पारख करावी, असे माझे म्हणणे आहे.

ही पारख आपल्याला नवी नाही. आपल्या जुन्नर-आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत ती दरवर्षी यात्रेच्या दिवशी होते. पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाची यात्रा भरते. भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात, आणि नवसाचे गाडे घाटात पळतात. आमच्याकडची ही शर्यत दक्षिण महाराष्ट्रातल्या शर्यतीहून वेगळी. तिकडे चाकोऱ्या आखून अनेक गाड्या एकदम सोडतात. इकडे घाटात एका वेळी एकच गाडा पळतो, पुढे घोडी धावते, आणि बारी संपली की किती सेकंद लागले ते पुकारले जाते. म्हणजे प्रतिस्पर्धी घाटात नसतोच! तो काठावर उभा असतो, आपल्या शेजारी, कदाचित आपल्याच खांद्यावर हात टेकून. आपला गाडा तो डोळ्यांत तेल घालून पाहत असतो, आणि आकडा पुकारला की त्याच्या तोंडून पहिला उद्गार बाहेर पडतो.

अशा गर्दीत एवढी चुरस असताना माणसे सहसा एकमेकांच्या उरावर का बसत नाहीत? मला तीन कारणे दिसतात. पहिले असे, की निकाल घड्याळ देते. घड्याळाला गाव नसते, भावकी नसते. दुसरे कारण सोयरिकीचे. शेजारच्या गावचा गाडा म्हणजे कोणाच्या तरी मामाचा, मेहुण्याचा, व्याह्याचा गाडा. आज ज्याला चिडवावयाचे त्याच्या घरी उद्या जेवावयास जावयाचे आहे, ही जाणीव जिभेला आवर घालते. आणि तिसरे कारण परतफेडीचे. आज आमच्या घाटात तुम्ही पाहुणे, आठवड्याने तुमच्या घाटात आम्ही. ज्याला स्वतःला परक्या गर्दीत उभे राहावयाचे आहे, तो आपल्या गर्दीतल्या परक्याला सांभाळून घेतो.

या घाटांनी मुका काळही पाहिला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा 2017 चा कायदा ग्राह्य धरला. मुक्या जनावराला वेदना होऊ नयेत हा त्या वादातला मुद्दा खरा होता. म्हणूनच चाबूक-काठी वापरावयाची नाही, ही अट आज आपल्यावर आहे आणि ती पाळणे आपले काम आहे. मला त्या काळातील दुसरी एक गोष्ट सांगावयाची आहे. जे गाडामालक पिढ्यान् पिढ्या एकमेकांचे सेकंद मोजत आले, ते त्या सात वर्षांत एकाच मोर्चात चालले. समोरचा गाडा नसेल तर आपल्या गाड्यालाही अर्थ नाही, हे त्यांना बंदीने शिकविले.

ओतूरला श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत आखाडा भरतो. तेथेही बाहेरगावचा मल्ल येतो, त्याच्याबरोबर त्याची दहा-वीस माणसे येतात, आणि ती गावकऱ्यांत मिसळून बसतात. जाणकार म्हातारा डाव पाहतो, माणूस पाहत नाही. परक्या मल्लाने चपळाईने पट काढला की त्याच्या तोंडून ‘वा रे पठ्ठ्या’ निघून जाते, आणि मग आपण कोणाला शाबासकी दिली हे त्याला उमगते. जाणकारी माणसाला उदार करते, याचा यापेक्षा सोपा दाखला मला ठाऊक नाही.

आता फुटबॉलकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात हा खेळ पाहावयाचा तर कोल्हापूरला जावे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे कुस्ती वाढली, 1912 मध्ये खासबागेचे मैदान खुले झाले. आणि पुढे त्याच तालमींच्या अंगणातून फुटबॉलचे संघ निघाले. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावेच पाहा. लाल मातीतली ईर्षा चेंडूच्या मागे धावू लागली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ पडली, की सामना मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांचा होतो. विश्वचषकाच्या दिवसांत हेच शहर ब्राझील आणि अर्जेंटिना यांत वाटले जाते, चौकाचौकांत झेंडे लागतात. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. परंतु याच मैदानावर समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या, पोलिसांना मध्ये पडावे लागले, हेही खरे आहे.

घाटात आणि आखाड्यात जे सहसा घडत नाही ते फुटबॉलच्या मैदानावर का घडते? त्याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. गाड्याची बारी काही सेकंदांत आटोपते. कुस्तीत पाठ लागली की वाद मिटतो. फुटबॉल नव्वद मिनिटे चालतो, आणि पुष्कळदा त्यात गोल एकच होतो, क्वचित एकही होत नाही. तासभर मनात साठलेला ताण मोकळा व्हावयास जागाच मिळत नाही. शिवाय येथे निकाल घड्याळ देत नाही. शिट्टी तोंडात धरलेला एक माणूस देतो. त्याने एक धक्का पाहिला, दुसरा पाहिला नाही, आणि सामन्याचे पारडे फिरले. घड्याळावर कोणाला रागावता येत नाही, माणसावर येते. तो माणूस मैदानात दूर असतो. शेजारी बसलेला परपक्षाचा समर्थक मात्र हाताच्या अंतरावर असतो.

याची किंमत कोठवर जाते, ते कलकत्त्याने पाहिले. मोहन बागान हा 1889 चा क्लब. 1911 मध्ये त्याने अनवाणी पायांनी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघाला हरविले आणि सारा देश हर्षभरित झाला. ईस्ट बंगाल 1920 चा. मूळचे पश्चिम बंगालचे ते मोहन बागानचे, पूर्व बंगालातून आलेले ते ईस्ट बंगालचे, अशी सरसकट विभागणी झाली, आणि फाळणीनंतर निर्वासितांनी आपले हरवलेले गाव त्या लाल-पिवळ्या रंगात शोधले. सामना जिंकला तर एका घरी कोळंबी शिजावयाची, दुसऱ्या घरी हिलसा मासा. इथवर सारे गोड होते. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा सामना होता, आणि दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच गॅलरीत बसले होते. उत्तरार्धात दोन खेळाडूंची झटापट झाली, दोघांनाही मैदानाबाहेर काढण्यात आले. ठिणगी मैदानातून प्रेक्षकांत उडाली. दगड, विटा, मारामारी, आणि मग चेंगराचेंगरी. सोळा माणसे गेली. सकाळी घरून भाकरी बांधून खेळ पाहावयास निघालेला माणूस संध्याकाळी परत येत नाही, ही कल्पना आपण एका घरापुरती तरी करून पाहावी. त्या सोळा जणांच्या स्मरणार्थ कलकत्त्यात 16 ऑगस्टला रक्तदान होते.

हे आपल्याकडच्या अडाणीपणामुळे झाले, असे कोणी म्हणू नये. 29 मे 1985 रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांचा अंतिम सामना होता. तटस्थांसाठी म्हणून राखून ठेवलेल्या भागाची तिकिटे पुष्कळ इटालियनांनी घेतली होती, आणि हा भाग लिव्हरपूलच्या समर्थकांना अगदी लागून होता. इंग्रजी बाजूचे लोक चालून गेले, माणसे मागे रेटली गेली, भिंत कोसळली. एकोणचाळीस जण मेले, बहुतेक इटालियन. त्यानंतर इंग्लंडच्या क्लबांना पाच वर्षे युरोपात खेळावयास बंदी झाली.

आता याच लिव्हरपूलची चौदा महिने आधीची गोष्ट ऐका. 25 मार्च 1984 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांची अंतिम लढत झाली. दोन्ही एकाच शहराचे संघ, जन्मापासूनचे वैरी. तरी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांची माणसे मिसळून बसली होती, आणि सामना बरोबरीत सुटल्यावर त्यांनी मिळून आपल्या मर्सीकाठच्या मुलखाचा जयघोष केला. संघ तोच, चाहते त्याच शहराचे. मग एकदा जयघोष आणि एकदा एकोणचाळीस मृत्यू, हे कसे? कारणे अनेक आहेत. मोडकळीस आलेले मैदान आणि बेफिकीर बंदोबस्त ही त्यांतली मोठी. परंतु एक कारण आपल्या ओळखीचे आहे. लिव्हरपूल शहरात एकाच घरात एक भाऊ तांबडा आणि दुसरा निळा असतो. परपक्ष म्हणजे जेवणाच्या पंगतीत शेजारी बसणारा माणूस. ब्रुसेल्सला शेजारी बसलेल्याचे नावगाव कोणाला ठाऊक नव्हते. आमच्या घाटात जे सोयरिकीने साधते, तेच तेथे वेम्बलीवर साधले आणि ब्रुसेल्समध्ये नेमके तेच नव्हते.

येथे आपल्यालाही स्वतःकडे पाहिले पाहिजे. सोयऱ्याला सांभाळून घेणे हे चांगलेच. पण त्यात थोडा स्वार्थही असतो. खरी कसोटी, ज्याच्याशी आपले कसलेही नाते नाही असा माणूस आपल्यात येऊन बसतो तेव्हा लागते. आज नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठेत आणि शेतांवर दूरदूरची माणसे कामाला येतात. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेच्या मैदानावर खेळतात. त्यांच्या संघाने गोल केला तर त्यांच्या बापाला आपल्या गावात टाळी वाजविता येते का? सोयरिकीच्या पलीकडे आपला चांगुलपणा पोचतो का?

यावर जगाने काढलेला तोडगा सोपा आहे: दोन्ही पक्षांना वेगळे बसवावे, मध्ये कुंपण घालावे, दारे निराळी ठेवावीत. इंग्लंडात तेच झाले, कलकत्त्यातही झाले. जेथे जिवाला धोका आहे तेथे हे केलेच पाहिजे, आणि करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण औषध म्हणून घेतलेली वस्तू रोजचे अन्न होऊ नये. वेगळे बसण्याची सवय लागली की ती कोठे जाऊन थांबते, याचा धडा मुंबईने दिलेला आहे. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मावार क्रिकेटचे सामने वर्षानुवर्षे होत असत. 1937 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर बसावयाच्या जागा कोणाला किती, यावरून भांडण झाले आणि हिंदूंचा संघ त्या वर्षी उतरलाच नाही. सामना खेळाडूंचा, आणि अडला खुर्च्यांवर! 1940 च्या डिसेंबरात गांधीजींनी या धर्मावार सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले, आणि 1946 मध्ये ते कायमचे बंद झाले. खेळ उत्तम होता. प्रेक्षकांची वाटणी मात्र खेळाबाहेर जाऊन पोचली होती.

कोणी म्हणेल, की एवढा विचार करीत बसले तर खेळात रंग कसा भरेल? ज्याला बाजू नाही त्याने सामना पाहावाच कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे. तटस्थ माणसाला खेळाची अर्धी गोडी कळते. बाजू घ्यावी, जोराने घ्यावी, घसा बसेपर्यंत घ्यावी. हरल्यावर रात्री जेवण गोड लागू नये, इतकी घ्यावी. परंतु आपल्या खेळाडूवर प्रेम करण्यासाठी शेजाऱ्याच्या आईचा उद्धार करावा लागतो, हे मला मान्य नाही. 31 जानेवारी 1999 रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने भारताला बारा धावांनी हरविले. सचिन तेंडुलकरने दुखऱ्या पाठीने 136 धावा केल्या होत्या, विजय हातातोंडाशी आला होता, आणि तो गेला. प्रेक्षक काही क्षण सुन्न झाले. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. तो संघ मैदानाला फेरी मारून गेला. त्या प्रेक्षकांची भारतावरची निष्ठा त्या दिवशी तसूभरही कमी झाली नव्हती. त्यांचे दुःख खरे होते, आणि टाळीही खरी होती.

मग आपण करावे काय? मोठे ठराव नकोत. यात्रेत, शाळेच्या स्पर्धेत, तालुक्याच्या सामन्यात तीन गोष्टी करता येतील. बाहेरगावच्या संघाबरोबर आलेल्यांना उन्हात कडेला उभे करू नये. आपल्या माणसांत, सावलीत जागा द्यावी, आणि पाण्याचा तांब्या आधी त्यांच्याकडे न्यावा. दुसरे, ध्वनिक्षेपक ज्याच्या हाती द्यावयाचा तो माणूस पारखून घ्यावा. हजारांची गर्दी एका जिभेवर पेटते किंवा शांत होते. परक्याचा चांगला खेळ त्याने नाव घेऊन पुकारला, तर निम्मे काम होते. तिसरी गोष्ट बापांसाठी. सामना पाहावयास मुलाला शेजारी बसवतो, तेव्हा तो मैदानाकडे जेवढा पाहतो तेवढाच आपल्या तोंडाकडे पाहत असतो. कोणाला शिवी द्यावयाची हे तो आपल्याकडून शिकतो. कोणाला टाळी द्यावयाची हेही आपल्याकडूनच शिकेल.

हे सारे केवळ खेळापुरते असते तर मी आपला वेळ घेतला नसता. उद्या कालव्याच्या आवर्तनावरून वरचे गाव आणि खालचे गाव एका बैठकीत बसणार आहेत. परवा ग्रामसभेत विरोधी गटाचा एकटा माणूस उठून बोलू लागणार आहे. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे की आरडाओरडा करून त्याला खाली बसवावयाचे, हे आपण त्या बैठकीत ठरवीत नाही. ती सवय आधीच कोठेतरी लागलेली असते. घाट, आखाडा, मैदान ही ती सवय लागण्याची ठिकाणे आहेत. परक्या गोटात एकट्याने टाळी वाजविणारा माणूस ज्या गावात सुखरूप राहतो, त्या गावात एकट्याने हात वर करणाराही सुखरूप राहतो.

जाता जाता कलकत्त्याचीच आणखी एक हकीकत सांगतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये तेथील एका रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, आणि शहर रस्त्यावर आले. 18 ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना व्हावयाचा होता. बंदोबस्ताच्या अडचणीने तो रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही संघांचे समर्थक आपापले झेंडे घेऊन बंद स्टेडियमच्या बाहेर जमले, आणि त्या मुलीसाठी एका आवाजात न्याय मागू लागले. एका पक्षाच्या तरुणाने दुसऱ्या पक्षाच्या तरुणाला खांद्यावर घेतले होते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्या दोन रंगांच्या माणसांनी एकमेकांना विटा मारल्या, तेच दोन रंग त्या दिवशी एका खांद्यावर होते. आणि पुढल्या मोसमात ते पुन्हा कडकडून भांडावयास मोकळे झाले. भांडोत बापडे! खेळ त्यासाठीच आहे.

माझे म्हणणे ज्यांना पटले नाही तेही या मांडवात आपल्या शेजारीच बसले आहेत. त्यांनी आपला विरोध आता मोकळेपणाने मांडावा, आणि बाकीच्यांनी तो ऐकावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.